शाळेत मुलांकडून स्ट्रेचिंग करून घेताना या चुका टाळा

जून उजाडला की कोकणातल्या शाळांत पाऊस आणि २१ जूनचा योग दिवस पाठोपाठ येतात. मैदानात चिखल, म्हणून व्हरांड्यात रांगा लागतात. परिपाठ संपला की अंग थंड असतानाच मुलांना वाकून पायाचे अंगठे धरायला सांगितलं जातं. सुरुवातीलाच चुकतं ते इथे.

आधी पाच-सात मिनिटं अंग तापू द्या. जागच्या जागी धावणं, लंगडी, दोरीउड्या, काहीही चालेल. रत्नागिरीकडच्या मुलांना बाल्या नाचाचा ठेका दिलात तर सांगावंही लागत नाही, गुडघे आणि घोटे आपोआप मोकळे होतात. पहिली-दुसरीच्या मुलांना वेगळं ताणून धरायला लावायची फारशी गरजच नसते. उकिडवं बसणं, बेडूकउड्या, लगोरी यांतच त्यांचं भागतं.

सगळ्यात धोक्याची सवय म्हणजे पाठ दाबणं. चौथीतला मुलगा पाय पसरून बसलेला असतो, बोटं नडगीच्या मध्यावर अडलेली. मागून त्याचा मित्र दोन्ही तळव्यांनी पाठ दाबतो आणि सगळे ‘अजून, अजून’ म्हणून ओरडतात. बाजूने नीट बघा: पाठीला पोक आलंय, हनुवटी छातीला टेकलीय, गुडघे उचललेत. ताण मांडीमागे यायचा तो पाठीच्या कण्यावर जातोय. शिवाय या वयात हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते, ती पक्क्या हाडापेक्षा नाजूक असते. बाहेरून जोर लावू नका आणि लावूही देऊ नका. गुडघे किंचित वाकले तरी चालतील. कंबरेतून पुढे झुकू द्या, बोटं जिथे अडतील तिथे दहा-पंधरा सेकंद थांबवा. मुलं श्वास रोखतात, म्हणून आकडे त्यांनाच मोठ्याने म्हणायला लावा. हिसके देऊन वाकणंही बंद करा. झटका बसला की स्नायू स्वतःला वाचवायला उलट आवळतो.

‘दुखतंय का?’ असं विचारलं की वर्गासमोर सगळे ‘नाही’ म्हणतात. त्यापेक्षा ‘कुठे ओढतंय तिथे बोट ठेव’ म्हणा. बोट मांडीच्या मागच्या मांसल भागावर गेलं तर ठीक. ‘बाई, हंयसर दुखता’ (इथे दुखतंय) म्हणत ते गुडघ्याच्या खोबणीत गेलं, किंवा टोचतंय, मुंग्या येताहेत असं मूल म्हणालं, तर तिथेच सोडा.

केंद्र सरकारच्या ‘फिट इंडिया’ उपक्रमातल्या शालेय चाचणीत चौथीपासून ‘सीट अँड रीच’ असतं, म्हणजे पाय पसरून बसायचं आणि बोटं किती पुढे पोहोचतात ते मोजायचं. त्यामुळे सेंटिमीटरची चढाओढ लागते, आणि ती मला अगदी चुकीची वाटते. पाय लांब आणि हात आखूड असलेल्या मुलाचा आकडा कमीच येणार. वाढ झपाट्याने होत असेल तेव्हा हाडं आधी लांबतात, स्नायू मागे राहतात, मग गेल्या वर्षीचं लवचिक मूलही ताठर वाटतं. त्याला रागावू नका. तुलना करायचीच तर त्याच्याच मागच्या आकड्याशी करा.

उलट बाजूही बघा. वर्गात एखादी मुलगी रबरासारखी वाकते, कोपर उलटं जातं, अंगठा मनगटाकडे दुमडून कोपराखालच्या हाताला टेकतो. टाळ्या पडतात, आणि ती रोज थोडं जास्त वाकवते. अशा मुलांना जास्त ताणायची नाही, ताकदीची गरज असते. एका पायावर तोल सांभाळणं, भिंतीला हात टेकून जोर काढणं असे व्यायाम त्यांना द्या आणि ‘कोपर सरळ झालं की थांब’ असं स्पष्ट सांगा.

जागेबद्दल थोडं. पावसाळ्यात शेवाळलेली पायरी आणि ओली लादी टाळा, मोजे काढायला लावा, खाली चटई हवीच. खिचडी खाऊन लगेच वाकायला लावू नका. हा तास जेवणाआधी घ्या. ऑक्टोबरच्या उकाड्यात मध्येच पाणी पिऊ द्या.

शेवटी, लंगडणाऱ्या मुलाला ‘ताण दिला की मोकळं होईल’ म्हणून व्यायामाला उभं करू नका. आठ ते बारा वर्षांच्या, खो-खो-कबड्डी खेळणाऱ्या मुलांची टाच किंवा गुडघ्याखालचा उंचवटा वाढीच्या काळात दुखू शकतो. त्यांना काही दिवस पळापळ कमी करू द्या. सूज, रात्री झोपमोड करणारं दुखणं किंवा एका पायावर भारच न देणं दिसलं, तर त्याच दिवशी पालकांना कळवा. ‘शीर चढली असेल’ म्हणून चोळून, ओढून बसवून न घेता मुलाला आधी डॉक्टरकडे न्यायला सांगा.