घरची कोंबडी कापताना या चुका टाळा

मुरबाड-शहापूरकडून ठाण्यात येणारी परसातली कोंबडी बॉयलरपेक्षा निर्धोक असते, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. चवीबद्दल वाद नाही. परंतु साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू ठणठणीत दिसणाऱ्या गावठी कोंबडीच्या आतड्यांतही असू शकतात.

चूक बहुधा सुरी लावण्याआधीच होते. सकाळी पोटभर दाणे टिपलेली कोंबडी दुपारी कापली, तर भरलेली आतडी काढताना फाटतात आणि आतली घाण मांसाला लागते. म्हणून कापण्यापूर्वी आठ ते बारा तास दाणे बंद ठेवून केवळ पाणी द्यावे. आतडे फुटलेच, तर माखलेला भाग कापून टाकावा, कारण धुतल्याने घाण दिसेनाशी होते, जिवाणू जातातच असे नाही. मरगळलेली किंवा आपोआप मेलेली कोंबडी तर खाऊच नये. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातच बर्ड फ्लू आढळला होता.

फ्लॅटच्या अरुंद ओट्यावर तुकडे नळाच्या जोरदार धारेखाली धुणे ही सर्वांत रुळलेली चूक आहे. उडालेले शिंतोडे शेजारी निथळत ठेवलेल्या ताटांवर पडतात. पिसे किंवा रक्त राहिले असेल, तर पातेल्यात पाणी घेऊन तुकडे हळुवार साफ करावेत आणि नंतर सिंक व हात साबणाने धुवावेत. हळद-मीठ आणि लिंबू लावल्याने जिवाणू मरतात, यावरही विसंबू नये.

गावठी कोंबडीचा रस्सा बराच वेळ रटरटतो, त्यामुळे माझ्या मते खरा संशय त्याच पाटावर, त्याच सुरीने चिरलेल्या कांदा-काकडीवर घ्यावा. दुसरा संशय कलेजीवर. ती तव्यावर जेमतेम परतून, आत गुलाबी असतानाच मुलांच्या हातावर ठेवली जाते. कॅम्पिलोबॅक्टर कलेजीच्या आतही असू शकतो, म्हणून ती मध्यभागी ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवी.

गटारीला मोठे पातेले रात्रभर ओट्यावर झाकून ठेवण्याची पद्धत मात्र शिजवण्याची सगळी मेहनत वाया घालवते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचे बीजाणू (त्याचे टणक, सुप्त रूप) उकळीतही टिकतात आणि रस्सा सावकाश निवत असताना वाढीस लागतात. उरलेला रस्सा उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच खळखळून उकळून घ्यावा.