वृद्धाश्रमात ज्यू आजी-आजोबांचा शब्बाथ आणि सण कसे सांभाळावेत

पुण्यातल्या वृद्धाश्रमात एखाद्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, आजी राहायला येतात, तेव्हा त्यांचे मराठी आणि जेवणातली नारळाची आवड इतकी ओळखीची असते, की त्यांच्या धर्माचे नियम वेगळे आहेत हे व्यवस्थापकांच्या सहज लक्षात येत नाही. म्हणून अर्जावर ‘ज्यू’ एवढे लिहून न थांबता, त्यांच्याजवळ बसून घरी काय पाळत होतात, हे विचारून घ्यावे. दोन ज्यू घरांच्या रीतींतही फरक असतो.

सर्वांत आधी शुक्रवारची संध्याकाळ राखावी. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्री तारे दिसल्यावर संपतो. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे त्यांचे पूर्वज या दिवशी घाणा बंद ठेवत आणि त्यावरूनच ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. तेव्हा नेहमीची तपासणी किंवा फिजिओथेरपी शनिवारी ठेवू नये. दिवा सूर्यास्तापूर्वी लावायचा असतो, त्यासाठी हाताशी माणूस द्यावा. मात्र ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत ज्योत कदापि नको, तिथे त्यांना विचारून बॅटरीचा दिवा ठेवावा. किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथच्या सुरुवातीला पेयावर म्हणायच्या आशीर्वादासाठी, मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करावे, ही बेने इस्रायली घरांतली जुनीच रीत आहे. शब्बाथला विजेचे बटण न दाबणाऱ्यांच्या खोलीतला दिवा आणि पंखा आधीच लावून ठेवावा.

स्वयंपाकघराला मोजकेच सांगावे लागते: डुकराचे मांस, कोळंबी, खेकडे नकोत, पर आणि खवले असलेले मासे चालतात, आणि मांसासोबत दूध, दही, तूप वाढू नये. रश्शाला नारळाचे दूध वापरावे. कोशेर, म्हणजे ज्यू नियमांनुसार केलेले, मांस मिळत नसेल, तर शाकाहारी ताट हाच निर्धोक मार्ग.

सणांची हिब्रू नावे पाठ करण्यापेक्षा आजींचे शब्द ऐकावेत. रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, त्यांच्या तोंडी ‘नव्याचा सण’ असतो, तर तिशा बआवचा, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या विनाशाच्या स्मरणाचा, उपवास ‘बिरड्याचा रोजा’. योम किप्पुरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, उपवासाबाबत डॉक्टरांशी आधीच बोलावे, कारण जीव जपणे उपवासाहून मोठे, असे त्यांचा धर्मच सांगतो. प्रेषित एलियाहू हन्नबीच्या स्मरणाचा मलिदा मात्र आवर्जून करावा: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, सोबत फळे. प्रमाण आजींनाच ठरवू द्यावे. इतक्या वर्षांचा त्यांचा हात असतो.

सिनेगॉगला, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, जायची इच्छा असेल, तर रास्ता पेठेतील सुक्कथ श्लोमो किंवा कॅम्पातील १८६७ सालचे ओहेल डेव्हिड, म्हणजे आपले लाल देऊळ, येथे व्हीलचेअर नेता येईल का, हे आधी विचारून घ्यावे.

अंत्यविधीविषयी कुटुंबाशी वेळीच बोलून फाइलमध्ये नोंद करावी: दहन नाही, दफन, आणि तेही शक्य तितक्या लवकर, तोवर देह एकटा सोडू नये. अखेरच्या घटकेला ‘शेमा इस्राएल’ म्हणतात. ती प्रार्थना देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून उशाशी ठेवावी, म्हणजे नातेवाईक पोहोचले नाहीत, तर रात्रपाळीची नर्स ती वाचून दाखवू शकेल.