चोर्ला घाट चढलात, उतरलात कुठे? सह्याद्री शिकताना या चुका टाळा

टेबलावर टॉवेल पसरायचा, दोन्हीकडून ढकलायचा आणि मध्ये फुगवटा आला की म्हणायचं, ‘असा झाला डोंगर!’ हिमालयापुरतं ठीक. भारतीय भूपट्ट सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी युरेशियाला भिडला, थर चुरगळले आणि वली पर्वत उभा राहिला. पण गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीतली मुलं घरामागच्या सह्याद्रीलाही हाच टॉवेल लावतात. मीही कितीतरी वर्षं तेच शिकवलं.

खात्री करायची तर केरीहून चोर्ला घाट चढा. वळणांमागून वळणं, कानांना दडे, आणि माथ्यावर पोचलात की पलीकडे उतरण नाहीच. पठारच लागतं. पुढे कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. अरबी समुद्र एवढा जवळ, तरी बाई त्याच्याकडे पाठ फिरवून कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराला जाते! कारण आपण चढलो ती पठाराची तुटकी कड. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर आणि नंतर सेशेल्स भारतापासून सुटले, तेव्हा इथे दाब नव्हता, ताण होता. जमीन फाटली, पश्चिमेचा भाग खचला. मग पावसाने आणि नद्यांनी ती कड कोरत कोरत पूर्वेला मागे सारली. ३१० मीटरचा दूधसागर याच कडेवरून कोसळतो.

म्हणून आता मी वर्गात टॉवेलसोबत उंडो, म्हणजे कडक कवचाचा गोव्यातला पाव, नेतो. दोन्ही टोकांनी ओढला की कवच फाटतं, मध्ये खळगा पडतो, कडा उभ्या राहतात. (प्रयोगानंतर उंडो शिल्लक राहत नाही, हे वेगळं.)

दुसरी चूक जास्त फसवी. एका मुलाने खाणीच्या वाटेवरचा दगड आणला होता: लाल आणि करड्या पट्ट्यांचा, पट्टे केसांच्या आकड्यासारखे दुमडलेले. ‘सर, ही बघा वळी. म्हणजे टॉवेलच बरोबर!’ वळी खरीच. पण लोहखनिजाचा तो दगड अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा. त्या काळी दाबाने जे डोंगर उठले असतील, ते केव्हाच झिजून गेले. आजच्या घाटाची उंची ही फार अलीकडची गोष्ट. आजीच्या लुगड्याची गोधडी शिवली म्हणून गोधडी काही आजीच्या लग्नातली होत नाही.

‘सह्याद्री म्हणजे बेसाल्ट’ हे महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी चालेल. गोव्यात तो फक्त ईशान्येच्या कोपऱ्यात आहे.

आणि दिसेल त्या दरीला खचदरी म्हणू नका. नर्मदेची खचदरी खरी. मांडवी-जुवारीची रुंद मुखं मात्र बुडालेल्या नदीच्या दऱ्या आहेत. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता. हिमयुग सरलं, पाणी चढलं आणि दऱ्यांत शिरलं. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला, असं आपण ऐकत आलो. पणजीच्या धक्क्यावर उभं राहिलात तर समोर आहे तो आत आलेला समुद्र.