गुडघ्याचा क्लेम रिजेक्ट झालाय? आधी पत्र नीट वाचा

व्हीएचं, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या सरकारी खात्याचं, नकाराचं पत्र आलं की आधी डोकं फिरतं आणि मग माणूस तडक फॉर्म शोधायला बसतो, तसं करू नका. अमेरिकेच्या सैन्यातनं बाहेर पडलेत आणि गुडघा, खांदा, कंबर यासाठी डिसॅबिलिटीचे पैसे मागतायत त्यांच्यासाठी लिहितोय. पत्र दोनदा वाचा आणि नक्की कशाला नाही म्हटलंय ते शोधा. दुखणं सर्व्हिसमुळे झालं हेच मान्य नाही, की ते मान्य आहे पण डिसॅबिलिटीचे टक्के, ज्यावर पैसे ठरतात, शून्य नाहीतर कमी दिलेत? ही दोन वेगळी भांडणं आहेत, एकाचा पुरावा दुसऱ्यात फारसा कामाचा नाही.

पहिल्या भांडणात तीन गोष्टी लागतात, आजचं निदान, सर्व्हिसमध्ये काहीतरी घडल्याचा पुरावा, आणि या दोघांना जोडणारा दुवा, ज्याला सगळे नेक्सस म्हणतात. (निदानाला नाव मिळालं नसेल तरी दुखण्यामुळे काम अडतंय हे दाखवता आलं तर चालतं, २०१८ च्या साँडर्स या कोर्ट केसपासून.) सांध्यांच्या बाबतीत घोडं बऱ्याचदा नेक्ससवर अडतं, कारण 'वयामुळे झिजलंय' असं लिहून मोकळं होणं फार सोपं. आता समजा पॅराशूट जंपमध्ये उजवा गुडघा दुखावला होता आणि आज एक्सरेत उजवाच झिजलेला दिसतोय, डावा ठणठणीत, तर डॉक्टरला हेच लिहायला सांगा, दोन्ही गुडघ्यांचं वय एकच आहे ना! पत्रात 'ॲट लीस्ट ॲज लाइकली ॲज नॉट' ही शब्दरचना हवी, म्हणजे शक्यता निदान निम्मी तरी आहे असं. 'असू शकेल' लिहिलेलं पत्र रद्दीत गेलं समजा. आणि नुसतं मत नको, जुने रेकॉर्ड वाचलेत आणि अमुक कारणाने मी हे म्हणतोय, हे त्यात यायला पाहिजे.

तेव्हा डॉक्टरकडे गेलाच नव्हता आणि नोंदच नाही, असं असेल तर सोबतच्या सैनिकाचं किंवा बायकोचं लेखी स्टेटमेंट २१-१०२१० या फॉर्मवर द्या. डिस्चार्जनंतर एका वर्षाच्या आत आर्थरायटिस दहा टक्क्यांच्या पातळीचा झालेला दाखवता आला तर तो सर्व्हिसमुळेच धरतात (किमान ९० दिवस सर्व्हिस हवी), तेव्हा त्या वर्षातला जुना एक्सरे कुठे पडलाय का बघा. आणि सेकंडरी विसरू नका, मान्य झालेल्या घोट्यामुळे लंगडत चालून दुसरा गुडघा गेला असेल तर त्याचाही क्लेम होतो.

दुसरं भांडण अंशांचं, आणि माझ्या मते लोक इथेच सगळ्यात जास्त हरतात. गुडघा साधारण १४० अंश वाकतो. ४५ पर्यंतच वाकला तर १० टक्के, ३० ला २०, १५ ला ३०. म्हणजे ९० अंशावर अडकणाऱ्याला या तक्त्यात भोपळा, मग भले तो जिना कठडा धरून एकेक पायरी उतरत असो. पण नियम इथे संपत नाहीत. एक्सरेत आर्थरायटिस आहे आणि हालचाल दुखरी आहे तर त्या सांध्याला निदान १० टक्के मिळायला हवेत, हे व्हीएच्या रेटिंग नियमांतल्या कोड ५००३ आणि नियम ४.५९ मध्ये आहे. पाय पूर्ण सरळ होत नसेल किंवा गुडघा सटकत असेल तर त्याचं रेटिंग वेगळं लागू शकतं, तेही पत्रात शोधा.

हे सगळं ठरतं सी अँड पी एक्झाममध्ये, म्हणजे क्लेमसाठी व्हीए करवते त्या वैद्यकीय तपासणीत. तपासणारा गोनिओमीटर, म्हणजे कोनमापकासारखी पट्टी, लावून अंश मोजतो. कळ ८० ला आली तर तिथेच तोंडाने सांगा, दातओठ खाऊन १२० पर्यंत नेलात आणि गप्प बसलात तर कागदावर १२० च जाणार. 'कसं काय?' विचारलं की 'बरंय' म्हणायची आपली सवय त्या दिवशी घरी ठेवा, आणि नाटकही करू नका, ते कळतं. फ्लेअर-अपचं, म्हणजे दुखणं मधूनच उसळतं त्याचं, नेमकं सांगा, महिन्यातनं किती वेळा, किती दिवस, तेव्हा काय जमत नाही. रिपोर्टची कॉपी मागवा आणि वाचा. वजन टाकून आणि न टाकता, स्वतः हलवून आणि दुसऱ्याने हलवून अशी मापं त्यात हवीत (२०१६ ची कोरेया, Correia, केस), फ्लेअर-अपमध्ये किती अंश कमी होतात याचा अंदाज हवा (२०१७ ची शार्प केस). ते नसेल तर अपिलात हाच मुद्दा सगळ्यात वर ठेवा.

आता रस्ता निवडा. १९ फेब्रुवारी २०१९ पासून तीन आहेत. नवीन पुरावा हाताशी असेल तर सप्लिमेंटल क्लेम, फॉर्म २०-०९९५. कागद सगळे फाइलमध्ये आहेतच, फक्त वाचणाऱ्याने चूक केली, असं असेल तर हायर-लेव्हल रिव्ह्यू, २०-०९९६, यात नवीन कागद बघतच नाहीत, तेव्हा नेक्सस लेटर इथे जोडून वाया घालवू नका, पण फोनवर चूक समजावायची सोय आहे ती जरूर मागा. तिसरा बोर्ड, म्हणजे व्हीएचं अपील मंडळ, फॉर्म १०१८२, तिथे जज बघतो, सुनावणी मागता येते पण वाट बरीच बघावी लागते. निर्णयाच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत टाका. सप्लिमेंटल वर्षानंतरही टाकता येतो पण मग पैसे जिथून मोजतात ती मागची तारीख जाते आणि तिच्याबरोबर मागचे पैसेही.

दोन्ही गुडघे मान्य झाले तर पत्रातला हिशेब स्वतः करून बघा. व्हीएत १० आणि १० वीस होत नाहीत, १९ होतात (दुसरे १० टक्के उरलेल्या ९० वर धरतात), पण दोन्ही बाजूंचे अवयव असल्याने त्यात १९ चे दहा टक्के म्हणजे १.९ वाढतात, झाले २०.९, म्हणजे २१, आणि इतर काही नसेल तर शेवटी जवळच्या दहावर आणून २०.

डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी फुकट मदत करतात. वकील लावलात तर तो मागच्या थकबाकीतनं घेतो, २० टक्क्यांपर्यंतची फी वाजवी मानतात. पहिला क्लेम भरायचेच पैसे मागणारा कोणी भेटला तर त्याला दारातनंच परत पाठवा.