डिस्क चांगली, डबी फुसकी: घरातले सिनेमे नव्या डबीत कसे हलवावेत

डबीचं काम एकच असतं. डिस्क मधल्या भोकापाशी धरायची आणि बाकी कुठेही टेकू द्यायची नाही. जाड प्लास्टिकची जुनी डीव्हीडी डबी हे काम नीट करायची. पुढे प्लास्टिक वाचवायला पाठीला खिडक्या पाडलेली हलकी डबी आली आणि त्यानंतर नुसतं पुठ्ठ्याचं पाकीट. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली आणि गिऱ्हाइकाला त्याच भावाची सवय झाली. त्या भावात कोणी जाड डबी बसवायची कुठून? अहिराणी गाण्यांच्या आणि विनोदी व्हीसीडी तर कित्येकदा पातळ पिशवीतच विकल्या गेल्या. त्या आता पुन्हा निघणार नाहीत, म्हणून हलवायला सुरुवात त्यांच्यापासून करा.

आधी कुठली डिस्क कशाने मरते ते बघा

व्हीसीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्ही प्रकारांची मापं एकच: व्यास १२० मिमी, जाडी १.२ मिमी, मधलं भोक १५ मिमी. मात्र माहितीचा थर प्रत्येकात वेगळ्या जागी असतो. व्हीसीडी म्हणजे मुळात सीडीच. तिचा थर वरच्या छापील बाजूला, लॅकरच्या पातळ लेपाखाली असतो. लोक चकचकीत बाजू जपतात आणि छापील बाजू खाली करून ओट्यावर ठेवतात, ते नेमकं उलटं आहे. खालचा ओरखडा पुष्कळदा पुसून-घासून निघतो. वरचा खरवडला की चित्र कायमचं गेलं. डीव्हीडीत ०.६ मिमीच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात आणि थर मध्ये असतो, म्हणून तिला ओरखड्यापेक्षा वाकण्याचं भय जास्त. ब्लू-रेचा थर वाचायच्या बाजूला, पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिमी आत असतो. वर कडक लेप असतो खरा, पण तो भेदला की मागे काही उरत नाही.

तपासणी

बंद डबी कानाजवळ धरून हलवा. खडखड ऐकू आली तर मधल्या बटणाचे दाते तुटलेत आणि डिस्क आत मोकळी फिरतेय. तुटलेल्या दात्याचा तुकडाही आतच असतो, तो सॅंडपेपरचं काम करतो. मग डबी टेबलावर ठेवून झाकणाच्या मधोमध अंगठ्याने हलकं दाबा. अंगठ्याखाली डिस्कची कड जाणवली, तर रचून ठेवलेल्या दहा डब्यांचं वजन रोज त्याच जागी पडतंय असं समजा. खिडक्यांच्या डबीत हे हमखास घडतं.

काढताना बटणाच्या मध्यावर अंगठा दाबायचा आणि कड दोन बोटांनी उचलायची. बटण सोडत नसेल तर कडेला नख घालून उपटू नका. पुष्कळ डिस्कना मधल्या पारदर्शक कड्यात केसासारखी चीर पडते ती याच ओढाताणीने. अशा वेळी वाकवायची ती डबी, डिस्क नाही. डबीचा तळ दोन्ही बाजूंनी मागे वाकवा, दाते आपोआप सैल पडतात. डबी टाकायचीच असेल तर बोथट काडीने एकेक दाता आत ढकलून मोडा.

डिस्क उजेडापुढे धरा. मधल्या साधारण ४४ मिमी व्यासात माहिती नसते, त्यामुळे तिथल्या तिथे असलेली बारीक चीर सिनेमा लगेच बिघडवत नाही. तरी अशी डिस्क कॉम्प्युटरच्या वेगवान ड्राइव्हमध्ये घालू नका. सीडी साध्या प्लेअरमध्ये मिनिटाला २०० ते ५०० फेरे घेते, पण ५२ एक्सच्या, म्हणजे ५२ पट वेगाच्या ड्राइव्हमध्ये हाच आकडा दहा हजारांच्या घरात जातो. तिथे चीर पसरून डिस्कचे तुकडे होतात. वेग कमी करून एकदाच कॉपी काढा आणि मूळ डिस्क ठेवून द्या.

पुठ्ठ्याचं पाकीट

आपल्याकडे खानदेशात काळ्या मातीची धूळ उन्हाळ्याच्या वावटळीत कपाटाच्या फटीतूनही आत येते. ती घट्ट पाकिटात शिरली, की डिस्क ओढताना दर वेळी एक नवी रेघ. पाकिटाच्या दोन्ही कडा तळहातांत धरून आत दाबा, म्हणजे तोंड फुगेल. मग पाकीट तिरकं करून डिस्क हातावर घसरू द्या आणि कड व मधलं भोक एवढ्यालाच हात लावा. पाकीट सुंदर छापलेलं असेल तर टाकू नका. ते डबीमागे ठेवा, डिस्क मात्र डबीत.

कापडासारख्या जाळीच्या पिशव्या स्वस्त असतात आणि व्हीसीडी-डीव्हीडीला तात्पुरत्या चालतात. ब्लू-रेला त्या नकोत. दाबाखाली राहिल्या की जाळीची नक्षी पृष्ठभागावर उमटते. आणि चेनवाल्या डिस्क-वह्या मऊ पीव्हीसीच्या असल्या तर मे महिन्यात त्यांची पानं डिस्कला चिकटतात. सोलताना चर्र आवाज येतो तो त्याचाच.

नवी डबी निवडताना

पॉलिप्रॉपिलीनची घ्या. हाताला किंचित मेणचट लागते, वाकवली तर वाकते, तडकत नाही. काचेसारखी कडक, पारदर्शक सीडीची डबी पॉलिस्टायरीनची असते. एकदा हातातून पडली की बिजागरी किंवा दाते जातात. जळगावला गोलाणी मार्केटमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत विचारून बघा, नाहीतर गावातल्या शूटिंगवाल्याकडे. त्याच्याकडे जुना साठा पडून असण्याचा संभव जास्त.

दुकानात घरची एक निकामी डिस्क घेऊन जा. ती बसवा, एका अंगठ्याने सुटते का पाहा. सुटली नाही तर ती डबी परत द्या. नुसती हलवून खडखडली तरी परत. बटणाभोवती उंच कडं असावं, म्हणजे डिस्कची खालची बाजू तळाला लागत नाही. एका सिनेमाच्या दोन-तीन व्हीसीडी असतील तर पलटणारं पान असलेली १४ मिमीची डबी घ्या. एकाच बटणावर दोन डिस्क चढवायच्या किंवा एकीची कड दुसरीवर ठेवायची, असल्या डब्यांमध्ये वरची काढताना खालची घासतेच.

खिडक्यांचीच डबी गळ्यात पडली असेल तर ३०० जीएसएम कार्डाचे १८० × १२८ मिमीचे दोन तुकडे कापा. एक पुढच्या आणि एक मागच्या बाजूला, छापील कागद आणि डबीच्या मध्ये सरकवा. डिंक किंवा टेप अजिबात लावू नका.

कव्हर फाटलं असेल तर ३०० डीपीआयला स्कॅन करून लेझरवर छापा. १४ मिमी डबीचा पूर्ण कागद २७३ × १८३ मिमी, म्हणजे ए-४ वर आरामात बसतो. पाठीची पट्टी १४ मिमी आणि दोन्ही बाजू १२९.५ मिमी. झेरॉक्सवाल्याला ‘पानाला फिट कर’ असं म्हणू देऊ नका, शंभर टक्के मापातच छापायला सांगा, नाहीतर पाठीवरचं नाव पुढे सरकतं. सीडीच्या कडक डबीत मागचा कागद १५१ × ११८ मिमीचा असतो. त्यातल्या दोन्ही कडेच्या सुमारे साडेसहा मिमीच्या पट्ट्या दुमडायच्या. तो डिस्क बसते त्या ट्रेच्या खाली असतो, म्हणून आधी ट्रे उचकटावा लागतो.

लग्नाची कॅसेट

नाव अजून कॅसेटच, आत मात्र डीव्हीडी. ही सगळ्यात वाईट पॅकिंगमध्ये असते आणि सगळ्यात महागड्या दिसणाऱ्या. मखमल किंवा रेक्झिनचा जाड खोका, आत फोमची गोल गुंडी चिकटवलेली, त्यावर डिस्क खोचलेली. चार-पाच उन्हाळे गेले की फोम चिकट होतो आणि त्याचा काळा भुगा मधल्या कड्याला धरतो. प्लेअरची पकड नेमकी तिथेच बसते, म्हणून डिस्क घसरते आणि ‘नो डिस्क’ येतं. लोक मशीन दुरुस्तीला नेतात.

कड्याचा चिकटा कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन पुसा, तेवढाच भाग. बाकी खालची बाजू कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब घालून धुवा. जुन्या धोतराच्या धुतलेल्या मऊ तुकड्याने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत टिपा, गोल गोल नाही. गोल ओरखडा माहितीच्या रेघेबरोबर धावतो आणि प्लेअरला तो सावरता येत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, पेट्रोल यांना हात लावू नका. पॉलिकार्बोनेट पांढरं पडून तडकतं.

वर नवरा-नवरीच्या फोटोचा गोल स्टिकर असेल तर तो सोलू नका. सीडीवर असला तर स्टिकरबरोबर माहितीचा थरही निघून येतो. स्टिकर सुटत चाललेला दिसला तर त्याच दिवशी कॉपी काढा. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, उष्णता आणि ऊन दोन्ही त्याला खातात. दुकानातली छापील डिस्क त्या मानाने चिवट. म्हणून लग्न, जावळ, एकसष्टी या डिस्कच्या कॉपी आधी, सिनेमे नंतर.

ठेवायची जागा

डिस्कसाठी ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता चांगली मानतात. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ च्या पुढे जातो, तेव्हा तो आकडा वाचून नुसतं हसायचं. पण जागा निवडणं हातात आहे. पत्र्याखालचा माळा नको, पश्चिमेची भिंत नको. धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर असेल तर आतली खोली उत्तम, फक्त वरून माती झरते म्हणून झाकणाचा डबा हवा. कूलरच्या झोतात कपाट असेल तर हलवा. तिथल्या दमट हवेने कागद फुगतो आणि बुरशी धरतो.

डब्या पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, आडव्या रचू नका. केळीचे पुठ्ठ्याचे खोके रावेर-सावद्याकडे फुकट मिळतात, म्हणून मोह होतो. पण पुठ्ठा पावसाळ्यात ओल धरतो आणि वाळवीला बोलावतो. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात २०-३० ग्रॅम सिलिका जेल ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की मंद आचेवर गरम करून, गार करून परत घाला.

हे सगळं मार्गशीर्ष-पौषात, पंखा बंद करून करा. नाव लिहायचंच असेल तर मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईच्या मार्करने, बॉलपेन नाही. कुणाचं लग्न, कुठलं गाव, कुठली तारीख हे मात्र कागदावर लिहून डबीत टाका.