सुबाभूळ, खैर, करंजाच्या रोपांना रायझोबियम कसं लावायचं

रायझोबियम म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र (नायट्रोजन) झाडाला देणारा जिवाणू, तो पावडरच्या पाकिटात मिळतो. आधी एक गोष्ट क्लिअर करू, शेंगा येणाऱ्या प्रत्येक झाडाच्या मुळांना गाठी येतातच असं नाही. चिंच, बहावा, गुलमोहर यांना येत नाहीत, त्यामुळे तिथे पाकीट वापरणं म्हणजे पैसे वाया. सुबाभूळ, खैर, करंज, शिरीष यांना लावा.

दुकानात बहुतेक वेळा सोयाबीन नाहीतर हरभऱ्याचं पाकीट हातात देतात, ते सुबाभळीला चालत नाही, प्रत्येकाचा जिवाणू वेगळा असतो. योग्य पाकीट मिळालं नाही तर सोपा देशी उपाय म्हणजे जुन्या, निरोगी सुबाभळीखालची मुळांजवळची ओलसर माती आणून रोपाच्या पिशवीतल्या मातीत मूठ-मूठभर मिसळायची, फक्त मर रोग असलेल्या झाडाखालची नको.

पाकीट असेल तर सुबाभळीचं बी आधी कडक गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं टाकून लगेच गार पाण्यात रात्रभर ठेवा, कारण साल फार टणक असते. मग गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करा (गरम असताना पावडर टाकली तर जिवाणू मेलेच समजा), त्यात पावडर कालवून बियांना हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, रायझोबियम शेवटी. पिशवीत युरिया टाकू नका, आयतं नत्र मिळालं की रोप गाठी कशाला करेल?

दीड-दोन महिन्यांनी एखादं रोप उपटून गाठ नखाने फोडून बघा. आतून गुलाबी-लालसर असेल तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट दिसली तर नाही.