हळदीचे नियम पायथनमध्ये लिहिताना

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी हळदीच्या प्रतवारीचे नियम पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहून दिले. नियम वाचायला वेगळा पार्सर (मजकूर उलगडणारा प्रोग्राम) कशाला? पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, 'ओलावा < कमाल' दिवाणजीही वाचतात. (कोडमधले आकडे मात्र इंग्रजीच हवेत.)

खरा घोळ पुढेच. ऑपरेटर ओव्हरलोड करून (म्हणजे चिन्हाला आपला अर्थ देऊन) < मधून नियमाचा ऑब्जेक्ट परत देत असाल, तर '८ < ओलावा < १२' मधली ८ ची अट गुपचूप गळते. पायथन आतून 'अँड' लावतो, आणि 'अँड' ओव्हरलोड होत नाही. आमची कोरडीठाक हळकुंडंही पास! प्रत्येक अट कंसात घालून मध्ये & वापरा. शिवाय नियमाच्या क्लासमध्ये दोन-दोन अंडरस्कोअरवाली 'बूल' मेथड (खरं-खोटं ठरवायला 'अँड' हीच बोलावतो) लिहून तिथूनच टाइपएरर फेका. चूक लगेच सापडते.